रडणारी

एकसष्ट दिवस मी त्या घरात होते.
रडले एकदाच. सोळाव्या दिवशी
कढईतलं तेल पेटलं, धूर डोळ्यांत गेला, तेव्हा.
चौदाशे चौसष्ट तासांतली ती चार मिनिटं
त्यांनी इतकी पातळ लाटली
की अख्ख्या पोर्तुगालला पुरली.

मातोझिन्योशला परतले तर
मासळीबाजारात देओलिंदानं तराजू सोडून मला मिठीत घेतलं.
रड गं पोरी, मोकळी हो.
मला खरं तर हसू येत होतं.
तिच्या एप्रनवरचे दोन खवले
माझ्या गालाला चिकटले, चकाकले,
आणि फोन उंच धरून कुणीतरी म्हणालं,
बघा, लागली धार.

कारखान्यात पट्ट्यावर माझी जागा तीच,
डावीकडून चौथी.
सार्डिनचं डोकं छाटायचं, शेपटी छाटायची,
उरलेलं डब्यात नीट निजवायचं, वर तेल.
अकरा वर्षं हे करत आले.
पूर्वी हात करायचे, मी दुसरंच काही बोलत असायचे.
आता बघत बसते.

कागदी रुमालांच्या कंपनीनं
माझा चेहरा खोक्यावर छापला.
त्या पैशांत आईची कवळी झाली.
उरलेली बारा खोकी तिनं कपाटावर रचली आहेत,
सगळी तोंडं खोलीकडे करून.

आई म्हणते, तू लहानपणापासूनच हळवी.
मी म्हणते, आई, मी आर्लिंदोचे दोन दात पाडले होते.
हो, आणि मग किती रडलीस!

पाडले होते, हे नक्की. दगड अजून हाताला आठवतो.
रडले होते का?
आता तो प्रसंग आठवायला जाते
तर मी मला वरून दिसते,
छताच्या कोपऱ्यातून, जराशी तिरकी,
सात वर्षांची,
आणि गाल ओले.
तिथे तर छतही नव्हतं. अंगण होतं ते.

गेल्या महिन्यात एका दुकानाच्या उद्घाटनाला बोलावलं.
दोनशे युरो, येण्याजाण्याचं भाडं वेगळं.
फीत कापली आणि रडले.
वेळेवर आलं पाणी, कांद्याशिवाय.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हाताऱ्यानं हात दाबला.
खोटं कशाला बोलू, फार हलकं वाटलं.
फक्त कोण हलकं झालं ते कळेना.

मग परवा, मेट्रोच्या थांब्यावर,
एक टकलू माणूस जवळ आला. फोन काढला नाही.
मी एवारिश्तु, म्हणाला,
रात्रपाळीला तुमच्या आवाजावर होतो.
मला वाटलं, आता हाही.
तर म्हणाला, सगळे झोपले की तुम्ही भांडी घासायचात
आणि गुणगुणायचात.
आम्ही तिघं, हेडफोन लावून,
आमची कॉफी गार व्हायची.

काय गुणगुणायचे मी?

तो आठवू लागला. डोळे मिटले.
एक ओळ म्हणून पाहिली, मग तीच पुन्हा, जरा वेगळी.
बिचाऱ्याला सूर नव्हता.
गाडी आली. दार लागता लागता
काचेआड त्याचे ओठ अजून हलत होते.

काल रात्री भांडी घासायला घेतली.
घासलेलीच होती.
नळ बारीक सोडला. एक कप, एक बशी, पुन्हा तोच कप.
घशाशी काहीतरी आल्यासारखं झालं,
म्हणून थांबले, त्याला वाट करून दिली.
पाणी वाहत होतं.

तेवढ्यात मागे चपला वाजल्या.
आई. झोपेतून उठून आलेली, कवळी न लावता,
हातात खोकं.
काही बोलली नाही, नुसतं पुढे केलं.
खोक्यावरची मी माझ्याकडे बघत होते, डबडबून.

मी एक रुमाल ओढला
आणि हात पुसले.